शिरोडकरांचा टाका

आपलं वय आपण वर्षांत सांगतो, तान्ह्या बाळाचं महिन्यांत. आठवड्यांत वय सांगणारी माणसं मात्र दोनच ठिकाणी भेटतात : स्त्रीरोगतज्ज्ञाच्या वेटिंग रूममध्ये आणि एनआयसीयूबाहेरच्या बाकावर. त्यातही बाकावरची माणसं जास्त काटेकोर. सत्तावीस आठवडे आणि चार दिवस, असं ती सांगतात. ते चार दिवस गाळायला कोणी तयार नसतं, कारण आतल्या बाळासाठी त्या चार दिवसांना खरंच किंमत असते.

गरोदरपण चाळीस आठवड्यांचं धरतात. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. ३२ च्या आधीचं फारच अपुऱ्या दिवसांचं, आणि २८ च्याही आधीचं म्हणजे डॉक्टरांच्या कपाळावर आठी आणणारं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ जेमतेम किलोभराचं असतं, वाण्याकडच्या साखरेच्या पुड्याएवढं. चोविसाव्यात सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. त्याच्या फुप्फुसांतले बारीक फुगे श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत म्हणून आतून एक द्रव लागतो, तो अजून पुरेसा तयार झालेला नसतो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका तालात जमायला ३४ वा आठवडा उजाडावा लागतो, म्हणून दूध नाकातोंडातून घातलेल्या नळीने, थेंबाथेंबाने. अंगावर चरबी नाही, म्हणून ऊब बाहेरून. मग काचेची पेटी येते. इनक्युबेटर हा शब्द आपल्याकडे फारसं कोणी वापरत नाही, बाळाला पेटीत ठेवलंय असंच म्हणतात. आई कोपरापर्यंत हात धुऊन आत जाते, पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घालते, आणि बाळ ते बोट धरतंय का हे बघत असतानाच शेजारचा मॉनिटर वाजायला लागतो. बाबा बाहेर संमतीच्या कागदांवर सह्या करत असतो, किंवा आईने पिळून काढलेलं वाटीभरही नसलेलं दूध जपून घेऊन येत असतो.

भारतात २०२० या एका वर्षात सुमारे ३० लाख बाळं अशी वेळेआधी जन्मली. जगातल्या अशा जन्मांपैकी दर पाचांत एकाहून जास्त आपल्याकडचे. तेव्हा तुमच्या वर्गातही कोणीतरी पेटीतून आलेलं असेल, फक्त त्याने तुम्हाला सांगितलेलं नसेल.

या बाकावरच्या काही आयांच्या फाइलीत एक मराठी वळणाचं आडनाव लिहिलेलं असतं. ते डॉक्टरचं नाही, पेशंटचंही नाही. ते एका टाक्याचं नाव आहे : शिरोडकर. लंडनच्या, मेलबर्नच्या, शिकागोच्या हॉस्पिटलातही ते असंच लिहितात, फक्त उच्चाराची वाट लावतात. ज्या बाईचं बाळ आधी दोनदा, तीनदा विसाव्या-बाविसाव्या आठवड्यात गेलं, तिच्या पिशवीच्या तोंडाला हा टाका घालतात. तो कधी चाळिसाव्या आठवड्यापर्यंत नेतो, कधी अठ्ठाविसाव्यातच हात टेकतो. पण वीस आणि अठ्ठावीस यांच्यात काय फरक आहे ते बाकावरच्या बाईला विचारा. विसाव्या आठवड्यातल्या बाळासाठी जगात कुठेही पेटी नाही.

तर हे शिरोडकर कोण?

विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म २७ एप्रिल १८९९, गाव शिरोडा. इथे लगेच एक खुलासा, कारण मराठी वाचकाला शिरोडा म्हटलं की वेंगुर्ल्याजवळचं, वि. स. खांडेकरांच्या शाळेचं आणि मिठाच्या सत्याग्रहाचं गाव आठवतं. हे ते नव्हे. हे गोव्यातलं, फोंडा तालुक्यातलं, कामाक्षीच्या देवळाचं शिरोडा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. वैद्यकीय शिक्षणाची सोय पणजीत १८४२ पासून होती, पण तिथली विद्या पोर्तुगीजमधून. या मुलाने मुंबईची वाट धरली आणि भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज गाठलं. ग्रँट मेडिकल आणि त्याला जोडलेलं जे. जे. हॉस्पिटल ही त्या काळातली पश्चिम भारतातली मोठी जागा. गावातून आलेल्या पोराने इथे टिकायचं म्हणजे काय, ते आज पुण्याला लोकलने रोज येजा करणाऱ्या मावळातल्या पोरांना वेगळं सांगायला नको.

पुढचा प्रवास सरळ आहे, त्यात फार रमायचं कारण नाही. १९२७ मध्ये प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग यांत एमडी, मग इंग्लंड, १९३१ मध्ये एफआरसीएस, मग परत मुंबई. जे. जे.मध्ये काम, ग्रँट मेडिकलमध्ये शिकवणं, पुढे तिथेच प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. एवढ्यावर थांबले असते तर आज त्यांचं नाव फार तर कॉलेजच्या एखाद्या जुन्या फोटोखाली दिसलं असतं.

थांबले नाहीत, कारण त्यांना एक गोष्ट खटकत होती. ओपीडीत काही बायका अशा यायच्या की त्यांना दिवस राहायचे, पहिले तीन महिने नीट जायचे, बाळ वाढत असायचं, आणि मग चौथा ते सातवा महिना या दरम्यान कधीतरी सगळं संपायचं. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. विशेष म्हणजे फार कळाही यायच्या नाहीत. थोडं जड वाटायचं, थोडं पाणी जायचं आणि चांगलं धडधाकट, फक्त आकाराने इवलंसं बाळ बाहेर यायचं. काही मिनिटं जगायचं, किंवा तेवढंही नाही.

आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी भरणं. या बायका डोहाळजेवणापर्यंत पोचतच नव्हत्या. आणि पोचल्या नाहीत की खापर कुणावर फुटायचं, ते सांगायला नको. हिच्या पोटी मूल टिकत नाही, एवढं एक वाक्य पुरे असायचं. जड उचललं असेल, नको ते खाल्लं असेल, पायगुणच वाईट. शिरोडकर शिकून परत आले तेव्हा नवऱ्याने दुसरी बायको करायला हिंदूंमध्ये कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात ती १९४६ मध्ये आली आणि देशभर १९५५ मध्ये, हिंदू विवाह कायद्याने. म्हणजे हा प्रश्न नुसता पोटातल्या बाळाचा नव्हता. त्या बाईचं घर राहणार की जाणार, हेही त्याला बांधलेलं होतं.

डॉक्टर लोक तेव्हा काय करत होते? दोन गोष्टी : महिनोन्‌महिने पलंगावर झोपवून ठेवणं आणि हॉर्मोन देणं. यातल्या हॉर्मोनची कहाणी तर भयंकरच आहे. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम हॉर्मोन चाळिशीच्या दशकापासून गर्भ टिकावा म्हणून, विशेषतः अमेरिकेत, सढळ हाताने दिलं जात होतं. ते काही उपयोगाचं नाही हे शिकागोतल्या एका चाचणीत १९५३ मध्येच दिसलं, तरी ते देणं चालूच राहिलं. १९७१ च्या एप्रिलमध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की त्या आयांच्या पोटी जन्मलेल्या काही मुलींना वयात येता येता योनिमार्गाचा एक विरळा कॅन्सर होतोय. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शिरोडकरांनी मात्र दोष रक्तात किंवा हॉर्मोनमध्ये न शोधता जागेवर शोधला. पिशवीचं तोंड म्हणजे गर्भाशयाच्या खालच्या टोकाला असलेला तीन-चार सेंटिमीटर लांबीचा घट्ट भाग. एरवी तो नाकाच्या शेंड्यासारखा टणक लागतो आणि दिवस गेले की ओठासारखा मऊ. मऊ झाला तरी तो नऊ महिने मिटलेला राहतो. आजीचा बटवा आठवा आणि तो उलटा धरा. आत सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी, सगळं वजन खाली, आणि सगळी भिस्त त्या नाडीवर. नाडी सैल असेल तर बटवा कितीही चांगल्या कापडाचा असून काय उपयोग? काही बायकांची ही नाडी जन्मतःच कमजोर असते, काहींची आधीच्या अवघड बाळंतपणात किंवा पिशवी साफ करताना फाटते. बाळ छोटं आहे तोवर भागतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात वजन वाढतं आणि तोंड कळांशिवायच उघडायला लागतं. बाळात काही खोट नसते. आईनेही काही उचललेलं नसतं.

आता नाडी सैल आहे म्हटल्यावर ती बांधावी, हे सुचणं फार अवघड वाटत नाही. शिकागोत लॅश यांनीही १९५० मध्ये असा कमजोर भाग दुरुस्त करायची पद्धत मांडली होती, पण ती बाई गरोदर नसताना करायची. गरोदर बाईच्या पिशवीला, आत जिवंत बाळ असताना, सुई लावायची हा विचारच अंगावर काटा आणणारा होता. पिशवी डिवचली की कळा सुरू होतात, हे प्रत्येक विद्यार्थ्याला घोकवलेलं. शिरोडकरांनी ते धाडस केलं, पण उठसूट नाही. ज्यांची अनेक बाळं एका पाठोपाठ अशीच गेली होती, ज्यांच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, अशा बायकांवरच त्यांनी आधी हे काम केलं.

पद्धत ऐकण्यासारखी आहे. साधारण चौदावा आठवडा उलटला की बाईला भूल द्यायची. योनिमार्गाच्या वाटेने जाऊन पिशवीच्या तोंडापुढची मूत्राशयाची पिशवी हलकेच वर सरकवायची, म्हणजे तोंडाचा अगदी आतला, वरचा भाग हाताशी येतो. मग त्याभोवती एक पट्टी फिरवून बांधायची. पट्टी कसली? त्या बाईच्याच मांडीतली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर एक चिवट पांढरं आवरण असतं, फॅशिया लाटा म्हणतात त्याला. त्याची लांब अरुंद चिरफळी काढायची आणि तीच वापरायची. परकं काही आत ठेवायचं नाही, शरीर आपलंच म्हणून ते स्वीकारतं. वरून कातडी शिवून टाकायची की पट्टी आत पुरली जाते. पुढे कृत्रिम धाग्याच्या चपट्या फिती आल्या आणि मांडी कापायची गरज राहिली नाही. पण ती पहिली कल्पना, आईच्याच मांडीचा तुकडा घेऊन तिच्याच पिशवीची नाडी करायची, मला अजूनही कुठल्याही रोबोटिक सर्जरीपेक्षा भारी वाटते.

हे सगळं त्यांनी १९५५ मध्ये छापलं. कुठे, तर मद्रासहून निघणाऱ्या अँटिसेप्टिक नावाच्या मासिकात. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या जर्नलमध्ये नाही. आपल्याकडच्या संशोधनाला बाहेरचा शिक्का लागल्याशिवाय किंमत येत नाही असं म्हणायची सवय आहे, ती इथे लागू पडत नाही. जगाने ते मद्रासचं मासिक शोधून वाचलं. दोनच वर्षांत, १९५७ मध्ये, मेलबर्नच्या इयन मॅकडॉनल्ड यांनी त्याच कल्पनेची सोपी आवृत्ती मांडली : मूत्राशय वगैरे न हलवता पिशवीच्या तोंडाभोवती चार-पाच ठिकाणी सुई फिरवून बटव्यासारखी नाडी आवळायची. करायला सोपी, काढायला त्याहून सोपी. आज मॅकडॉनल्डचा टाकाच जास्त घातला जातो. शिरोडकरांचा टाका जास्त वर, जास्त आत बसतो, त्यामुळे तोंड फारच आखूड किंवा फाटलेलं असेल तर त्याची आठवण होते. दोन्हींपैकी चांगला कोणता यावर डॉक्टर लोक कॉन्फरन्समध्ये भांडत असतात. त्यात आपण पडायला नको.

१९६० मध्ये शिरोडकरांचं इंग्रजी पुस्तक एडिंबराहून प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं.

मुद्दा नीट कळायचा असेल तर तेव्हा बाळाच्या बाजूला काय होतं ते बघायला हवं. पेट्या होत्या. अमेरिकेत तर मार्टिन कूनी नावाच्या माणसाने १९०३ पासून चाळीस वर्षं न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत पेटीतल्या बाळांचं प्रदर्शन मांडलं होतं, लोक तिकीट काढून बघायला यायचे आणि त्या पैशांवर बाळांची देखभाल व्हायची. आईबापांकडून तो काही घेत नसे. पण पेटी ऊब देते, श्वास देत नाही. फुप्फुसांतल्या त्या द्रवाच्या अभावी बाळं दगावतात हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी यांनी दाखवलं. इलाज मात्र कोणाकडेच नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २.१ किलो. आजच्या एनआयसीयूमध्ये अशा बाळाला बघून नर्स म्हणेल, हा तर मोठा आहे. त्याला बोस्टनला नेलं, जास्त दाबाच्या प्राणवायूच्या कोठडीत ठेवलं, देशातले उत्तमोत्तम डॉक्टर उभे होते. ३९ तासांनी ते गेलं. जगातल्या सगळ्यात ताकदवान बापाला काही करता आलं नाही.

जिथे साडेचौतीस आठवड्यांच्या, दोन किलोच्या बाळाचा बोस्टनमध्ये निभाव लागत नव्हता, तिथे पन्नाशीच्या दशकातल्या मुंबईत सहाव्या महिन्यात बाहेर आलेल्या बाळाचं काय होणार होतं? म्हणूनच शिरोडकरांच्या टाक्याकडे नुसतं एक ऑपरेशन म्हणून बघता येत नाही. पेटी, व्हेंटिलेटर, नळीचं दूध, ऊब, हे सगळं एकाच ठिकाणी उपलब्ध होतं आणि ती जागा म्हणजे आईचं पोट. तिथला मुक्काम वाढवणं एवढाच उपाय हातात होता. तो त्यांनी वाढवला.

त्यांच्या कामाचा दुसरा भाग पहिल्याच्या अगदी उलटा वाटेल. मूल टिकावं म्हणून झटणारा हा माणूस १९४९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडियाच्या सुरुवातीच्या मंडळींत होता. मला यात काही उलट दिसत नाही. एकीला हवं असून मूल होत नव्हतं, दुसरीला नको असताना आठवं होत होतं, आणि दोघींनाही कोणी विचारत नव्हतं. ओपीडीत दोघी एकाच बाकावर बसायच्या. बंद झालेल्या गर्भनलिका पुन्हा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी बरंच काम केलं. आणि बायका ज्याला अंग बाहेर येणं म्हणतात, त्या दुखण्यासाठी गर्भाशय काढून न टाकता ते वर टांगून ठेवायची एक पद्धत त्यांनी बसवली. मेडिकलच्या पुस्तकात तिलाही शिरोडकरांचंच नाव आहे.

त्याच पानावर तिच्या शेजारी दुसरी पद्धत असते, पुरंदरे यांची. लोणावळ्याच्या पोरांना डॉ. बी. एन. पुरंदरे हे नाव कॉलेजच्या पाटीवरून पाठ असतं, अॅडमिशनच्या फॉर्मवर कित्येकदा लिहिलेलं असतं. मुंबईच्या प्रसूतिशास्त्रातही पुरंदरे हे मोठं नाव. गिरगाव चौपाटीलगतच्या रस्त्याला डॉ. एन. ए. पुरंदरे यांचं नाव दिलेलं आहे. शिरोडकर आणि पुरंदरे, एकाच शहरात, एकाच काळात, बायकांच्या एकाच दुखण्यावर दोन वेगवेगळे दोर शोधत होते आणि परीक्षेला बसणारी पोरं आजही दोघांच्या पद्धतींतला फरक लिहून मार्क मिळवतात. अशी पिढी मुंबईने पाहिली आहे.

१९७१ च्या प्रजासत्ताक दिनाला शिरोडकरांना पद्मविभूषण जाहीर झालं. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ७ मार्चला ते गेले. वय ७१.

त्यांच्या मागून गोष्टी झपाट्याने बदलल्या आणि त्यांनी त्या पाहायला हव्या होत्या असं वाटतं. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की बाळंतपण लवकर होणार असं दिसताच आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली तर पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. ही कल्पना लिगिन्सना मेंढ्यांच्या कोकरांवर काम करताना सुचली होती. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी फुप्फुसांतला तो हरवलेला द्रव बाहेरून घालून बाळं वाचवली. कोलंबियातल्या बोगोटामध्ये सत्तरच्या दशकाच्या शेवटी पेट्या कमी पडल्या म्हणून बाळांना आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात झाली. आज त्याला कांगारू पद्धत म्हणतात, आणि त्यात बाबाचीही छाती चालते. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, जिचं दूध अशाच बाळांच्या नळीत जातं. आता अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं बाळ चांगल्या एनआयसीयूमध्ये बहुतेक वेळा घरी जातं. महिने-दोन महिने लागतात, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, कान तपासावे लागतात, पण जातं.

टाक्याचंही माप काढून झालं. १९९३ मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनी बारा देशांतल्या १,२९२ बायकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात टाका घातलेल्यांपैकी १३ टक्के बायका ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या, न घातलेल्यांपैकी १७ टक्के. म्हणजे साधारण पंचवीस टाके घालावेत तेव्हा एक बाळंतपण लांबतं. ऐकायला कमी वाटतं, आणि ते कमीच आहे. मधल्या काळात टाका ही फॅशन झाली होती, जरा शंका आली की घाल टाका. पण त्याच चाचणीत एक गोष्ट उठून दिसली : ज्यांची तीन किंवा अधिक बाळंतपणं आधी अशीच अवेळी झाली होती, त्यांना मात्र टाक्याचा स्पष्ट फायदा झाला. शिरोडकरांनी ज्या बायकांपासून सुरुवात केली होती, त्या याच. आज डॉक्टर सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात, ती २५ मिलिमीटरच्या खाली आली आणि आधीचा इतिहास असेल तर टाक्याचा विचार करतात, कुणाला प्रोजेस्टेरॉनवर ठेवतात. सगळ्यांना टाका नाही, आणि कळा सुरू झाल्यावर तर नाहीच.

आता हे सगळं लोणावळ्यात आणून बघा. समजा, पवन मावळातल्या एखाद्या गावात, पावसाळ्यात, एका वहिनीला एकोणतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. एक रस्ता असा की गावातच बाळंतपण उरकायचं आणि मग इवलंसं बाळ कापडात गुंडाळून गाडीत घालून निघायचं. दुसरा रस्ता, बाळ पोटात असतानाच १०८ ला फोन करून वहिनीला तळेगावच्या मेडिकल कॉलेजात, पिंपरीच्या वायसीएमला किंवा थेट पुण्याला ससूनला पोचवायचं. डॉक्टर जीव तोडून सांगतात ते दुसऱ्या रस्त्याबद्दल. पोटातल्या बाळाला प्रवासात थंडी लागत नाही, त्याचा ऑक्सिजन संपत नाही, आणि वाटेत किंवा निघण्याआधी आईला ते स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं तर फुप्फुसांना एक-दोन दिवसांची मुदत मिळते. लोणावळा ते पुणे साठ-पासष्ट किलोमीटर. वीकेंडला भुशी डॅमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असते तेव्हा ते साठ किलोमीटर फार लांब होतात, हे इथल्या माणसाला ठाऊक आहे. घरात कोणी गरोदर असेल आणि आधी एखादं बाळ मध्येच गेलेलं असेल, तर पाचव्या महिन्याची वाट न बघता चौथ्याच्या आत डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगितलेलं बरं. बऱ्याचदा ते सांगितलंच जात नाही. सासूला माहीत असतं, नवऱ्याला माहीत असतं, केसपेपरवर मात्र पहिलं बाळंतपण एवढंच लिहिलेलं असतं.

ज्या बाईला टाका घातलाय तिचा शेवटचा टप्पा बघायला फारच साधा असतो. छत्तीस-सदतिसावा आठवडा लागला की ती हॉस्पिटलात येते. पुष्कळदा भूलही लागत नाही. गाठ चिमट्यात धरतात, कात्रीने एक बाजू कापतात आणि फीत ओढून काढतात. शिरोडकरांचा टाका आत पुरलेला असेल तर जरा जास्त खटपट, नाहीतर पाच-दहा मिनिटांचं काम. काही बायका त्याच रात्री बाळंत होतात. काहींना मात्र काहीच होत नाही, त्या घरी परत जातात, आणि ज्यांचं बाळ विसाव्या आठवड्यात निसटायचं त्या आता एकोणचाळिसावा आठवडा उलटला तरी कळा का येत नाहीत म्हणून डॉक्टरांना फोन करत बसतात.